आरोहण नाकारले

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं, की आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. आत्याबाईंना मी दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचे. मामांना मामा म्हणायची वेळ मात्र फारशी आलीच नाही, कारण ते माझ्याशी थेट बोलत नसत. "तिला सांग, आज डबा भरू नको," असं ते आत्याबाईंना सांगायचे तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर ओट्याशी पोळ्या लाटत उभी असायचे. आत्याबाई माझ्याकडे वळून बघायच्या, मी मान हलवायचे, झालं. यात राग नव्हता, अढीही नव्हती. त्यांच्या निफाडकडच्या गावी सासऱ्याने सुनेशी असंच वागायचं असतं, आणि नाशिकला येऊन घर बांधल्यावरही ते तसंच वागत राहिले. एकोणीस वर्षं.

मामा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. चौतीस वर्षं लेथवर उभं राहून निवृत्त झाले, आणि घरातला जुना कॉम्प्युटर त्यांच्या हाती आला. माझे मिस्टर नोकरीनिमित्त पुण्याला असतात, शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. त्यांनी टाकून दिलेला तो कॉम्प्युटर मामांनी पुसून, झाकून, देवघराशेजारच्या टेबलावर मांडला. त्यावर ते पेपर वाचायचे, जुने फोटो लावायचे आणि आत्याबाईंची गाणी साठवायचे.

ही गाणी कानबाईची. आत्याबाईंचं माहेर बागलाणातलं, नामपूरचं. श्रावणात तिकडे घरोघर कानबाई ही देवी बसते, बायका रात्रभर गाणी म्हणतात. आत्याबाईंच्या थोरल्या वहिनी त्या गाण्यांच्या जाणत्या. आता त्यांचा आवाज फार चढत नाही. गेली तीन-चार वर्षं दर श्रावणात मामा मोबाइलवर ती गाणी रेकॉर्ड करून आणायचे आणि कॉम्प्युटरवर नीट नावं देऊन ठेवायचे. यंदा आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या बायकांनी ती गाणी शिकवा म्हणून आत्याबाईंच्या मागे धोशा लावला होता. आत्याबाईंना सगळी गाणी पाठ नव्हती. "कॉम्प्युटरमध्ये आहेत, ऐकून बसवू," असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आणि आषाढातल्या एका दुपारी, गाणं चालू असतानाच लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि कॉम्प्युटर काही उठला नाही.

मामांनी तो उघडून बघितला. मधला मोठा बोर्ड जळाला होता. ज्यात गाणी होती ती हार्ड डिस्क शाबूत वाटत होती. शनिवारी माझे मिस्टर आले आणि म्हणाले, "नवीन लॅपटॉप घेऊन टाकू."

मामा म्हणाले, "एक पार्ट गेला म्हणून आख्खं मशीन फेकतात का?"

पुढचे दोन आठवडे ते रोज जेवण झालं की पिशवी घेऊन बाहेर पडायचे. एम. जी. रोडवरच्या दुकानांतून वापरलेला बोर्ड आणला, पंखा आणला, नवी छोटी डिस्क आणली. जुना कॅबिनेट गंजून गेला होता, म्हणून त्याच्या जागी वापरायला त्यांनी पलंगाखालची आपली हत्यारांची पत्र्याची पेटी रिकामी केली. तिला हात-ड्रिलने भोकं पाडली, कडा कानसीने घासून गुळगुळीत केल्या. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली लहान पितळी खुंट्या लागतात. त्या दुकानात मिळत होत्या, पण त्यांनी अंबडला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन नऊ खुंट्या स्वतः लेथवर काढल्या. आत्याबाईंना त्यांनी तळहातावर घेऊन दाखवल्या. मी भाजी निवडता निवडता बघितल्या. कानातल्या कुड्यांसारख्या दिसत होत्या.

या नव्या बोर्डावर जुनी सिस्टीम चालेना. वर्कशॉपमधल्या मित्रानेच त्यांना दुसरी सिस्टीम पेनड्राइव्हवर दिली. जगभरचे लोक मिळून ती तयार करतात, कुणीही वापरावी, आणि मुख्य म्हणजे ती मराठीतही येते. मामांनी भाषा निवडताना मराठी निवडली. अर्ध्या तासाने पडद्यावर "स्वागत आहे" अशी अक्षरं आली, तेव्हा त्यांनी ती बोट ठेवून एकेक वाचली. मग त्यांनी आत्याबाईंना हाक मारली. "इकडं ये. बघ, मराठीत बोलतंय."

आत्याबाई म्हणाल्या, "गाणी लावा."

मामांनी जुन्या डिस्कच्या चित्रावर टिचकी मारली. गाणी लागली नाहीत. पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं: फाइल प्रणाली अस्वच्छ आहे. आरोहण नाकारले.

मामांनी चष्मा पुसून ते दोनदा मोठ्याने वाचलं. आत्याबाई माहेरच्या अहिराणीत जातात तेव्हा त्या चिडल्या आहेत असं समजायचं. त्या म्हणाल्या, "अस्वच्छ कोन शे?"

त्या दिवशी मामांनी पेटी उघडली. रंगाचा मऊ ब्रश घेऊन डिस्क झाडली, तिच्या वायरींची टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, पंखा काढून धुतला, वाळवला, परत बसवला. आत्याबाईंनी टेबल पुसलं, टेबलाखालची फरशी पुसली, आणि पडदे धुवायला टाकले. पुन्हा कॉम्प्युटर लावला. फाइल प्रणाली अस्वच्छ आहे. आरोहण नाकारले.

असे चार दिवस गेले. मी एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. हंगामात आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, पण पावसाळ्यात काम कमी असतं आणि मी साडेपाचला घरी येते. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन टेबलापाशी गेले. कप ठेवला आणि वळले, तर मागून आवाज आला.

"आरोहण म्हणजे काय असतं गं?"

प्रश्न आत्याबाईंना असेल म्हणून मी मागे बघितलं. आत्याबाई अंगणात होत्या. खोलीत मी आणि मामा, दोघंच. ते पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही, पण प्रश्न मलाच होता.

"चढणं," मी म्हटलं. "वर चढणं."

"कुठं चढायचंय त्याला?"

मी खुर्ची ओढून बसले.

आधी मी मोबाइलवर ते वाक्य जसंच्या तसं मराठीत शोधलं. आरोहण म्हणून गिर्यारोहणाच्या संस्था आल्या, गाणं शिकवणारे आले, आणि अस्वच्छ म्हणून कुठल्या कुठल्या गावच्या कचऱ्याच्या बातम्या आल्या. ही अडचण मराठीत कुणी विचारलेलीच नव्हती. विचारली असेल तर निदान आम्हाला सापडली नाही.

मी म्हटलं, "मामा, सिस्टीमची भाषा इंग्रजी करू या. इंग्रजीत हेच वाक्य दिसलं की लगेच उत्तर सापडेल. मग परत मराठी करू."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मी चौतीस वर्षं इंग्रजी मॅन्युअलं वाचली. वाचली म्हणजे चित्रं बघितली. बाण कुठं दाखवलाय ते बघायचं, लाल रंगात काय लिहिलंय ते इंजिनिअर सायबाला विचारायचं. साहेब कधी सांगायचा, कधी म्हणायचा, तुझं काम कर. आज पहिल्यांदा मशीन माझ्याशी माझ्या भाषेत बोलाया लागलंय. आता मीच त्याला गप बस म्हनू का?"

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं. मग आपण त्याचं म्हणणं इंग्रजीत काय असेल ते ओळखू."

हे सोपं नव्हतं. ज्याने कुणी मराठी केलं होतं त्याने इंग्रजी वाक्यातला एकेक शब्द उचलून मराठी शब्द ठेवला होता. आम्हाला उलट चालत जायचं होतं. मी एका कागदावर डावीकडे मराठी शब्द लिहिले आणि उजवीकडे सुचतील ते इंग्रजी. प्रणाली म्हणजे सिस्टीम, ते सुटलं. नाकारले म्हणजे रिफ्यूज्ड. आरोहणासाठी मी क्लाइंब लिहिलं, राइज लिहिलं, असेंड लिहिलं. एकेक शब्द घालून शोधत गेले. काही जुळेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही शोधलं.

संध्याकाळी पुन्हा बसलो. मामा तो कागद हातात धरून म्हणाले, "त्र्यंबकला आमच्या मित्राच्या पोराची वरात होती, नवरदेवाला घोड्यावर बसवलं. पत्रिकेत छापलं होतं, सायंकाळी पाच वाजता अश्वारोहण. हेच का ते?"

मी म्हटलं, "घोड्यावर बसणं, हो, ते पण आरोहणच." आणि म्हणता म्हणता लक्षात आलं. घोड्यावर बसण्याला इंग्रजीत माउंट म्हणतात.

मी तो शब्द घालून शोधलं. पहिल्याच पानावर आमचं वाक्य होतं, इंग्रजीत, अक्षरशः तेच. त्याखाली कुठल्या कुठल्या देशांतले लोक एकमेकांना विचारत होते आणि सांगत होते. जर्मनीतला कुणी रडकुंडीला आला होता, ब्राझीलमधल्या कुणीतरी त्याला धीर दिला होता. मी मामांना एकेक वाचून मराठीत सांगत गेले.

त्याचा अर्थ असा होता: माउंट म्हणजे डिस्क वापरायला उघडणं. ती जुनी डिस्क पूर्वीच्या सिस्टीमने वापरायला काढली होती आणि काम चालू असतानाच लाइट गेली. त्यामुळे त्या सिस्टीमला आवरासावर करून, मी आता बंद झाले अशी खूण करून ठेवायला वेळच मिळाला नाही. डिस्कवर अजून "काम चालू आहे" हीच खूण होती. नव्या सिस्टीमने ती बघितली आणि हात लावायला नकार दिला.

मामा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे घाण काहीच नाय."

"काहीच नाही."

"जॉब लेथच्या चकमध्ये पकडलेलाच राहिलाय आणि माणूस पाळी सोडून गेलाय. दुसऱ्या पाळीचा आला, त्याने बघितलं, जॉब लावलेला हाय, कुठवर आलाय माहीत नाय. तो मशीन सुरू करत नाय. शहाणा हाय तो." त्यांना सिस्टीमचं कौतुक वाटत होतं. मग ते म्हणाले, "मग त्याला अस्वच्छ कशाला म्हनायचं? बायकोनं पडदे धुतले ना आमच्या."

मला हसू आवरेना. तेही हसले. आत्याबाई दारातून बघून गेल्या.

उपाय म्हणून एक हुकूम टाइप करायचा होता. तो चालवला की ती खूण पुसली जाणार होती. पण खाली कुणीतरी सावध केलं होतं, की आधी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडा, हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मगच दुरुस्तीला हात घाला. मी म्हटलं, सरळ दुरुस्त करू. मामांनी नकारार्थी मान हलवली. "आधी उतरवून घ्यायचं. वहिनींचा आवाज आता तसा पुन्हा मिळायचा नाय."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही डिस्क वाचण्यापुरती उघडायचा हुकूम द्यायला बसलो. मी वाचून दाखवायचं आणि मामांनी एका बोटाने टाइप करायचं असं ठरलं. मी म्हटलं, "एस." त्यांनी कळ दाबली, पडद्यावर देवनागरी अक्षर उमटलं. मामांनी कीबोर्डसुद्धा मराठी निवडलेला होता. पडद्यावर आलं: आदेश सापडला नाही. कीबोर्डची भाषा बदलायच्या दोन कळा शोधण्यात पंधरा मिनिटं गेली.

"आदेश इंग्रजीतच द्यावा लागतो का?" मामांनी विचारलं.

"हो."

"मग हुकूम त्यांचा आणि तक्रार तेवढी आपली," असं पुटपुटत त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

आता त्याने पासवर्ड मागितला. मामा टाइप करत होते आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. टिंब नाही, तारा नाही. त्यांनी कळ जोरात दाबली. कीबोर्ड उलटा करून झटकला. वायर काढून घातली. पत्र्याच्या पेटीवर थाप मारली. मीही घाबरले. शेवटी पुन्हा मोबाइलवर शोधलं, तेव्हा कळलं की इथे पासवर्ड दिसतच नसतो, मागून कुणी बघू नये म्हणून. न दिसता टाइप करायचा आणि एंटर दाबायचा.

"दिसत नसलं तरी चाललंय म्हणायचं," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून पासवर्ड टाइप केला. खरोखर डोळे मिटून. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही, म्हणजे चूकही आली नाही. आम्ही डिस्कच्या चित्रावर टिचकी मारली आणि खिडकी उघडली. आत त्यांनी दिलेल्या नावांचे फोल्डर ओळीने उभे होते. फोटो. लाइट बिल. औषधं. नामपूर.

मामांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला म्हणाले, "तू लाव."

मी एक गाणं लावलं. आधी नुसता भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, मग मामांचाच दबका आवाज, "गप बसा, चालू झालंय," आणि मग वहिनींचा आवाज सुरू झाला, थोडा कापरा, पण स्वर पक्का. आत्याबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दुसऱ्या कडव्यावर मागून एक बाई चुकीचा शब्द म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या.

"ती मी," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग, "आवाज वाढवा ना."

दुसऱ्या दिवशी शनिवार. माझे मिस्टर आले ते कॉलेज रोडवरच्या कुठल्याशा दुकानातली लॅपटॉपची माहितीपत्रकं घेऊनच. मामा पेटीसमोर बसून गाणी नव्या डिस्कवर उतरवून घेत होते. मिस्टरांनी वडिलांना विचारलं, "दादा, मग कुठला घ्यायचा?"

मामा पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "त्याला सांग, आमचं काम चालू हाय."

मी मिस्टरांकडे वळले. ते तोंड उघडं टाकून आमच्या दोघांकडे बघत होते.

सगळी गाणी उतरवून झाल्यावर रविवारी आम्ही दुरुस्तीचा हुकूम दिला. दोन ओळी आल्या आणि काम झालं. चौकट पुन्हा आली नाही. कानबाईच्या आधी आठ दिवस भजनी मंडळाच्या बायका दुपारी आमच्याकडे जमू लागल्या. आत्याबाई कॉम्प्युटरच्या पेटीशेजारी बसायच्या आणि मामांना "थांबवा", "मागं घ्या", "पुन्हा" अशा आज्ञा द्यायच्या. मामा त्या मुकाट पाळायचे.

पण मामांच्या मनातून तो शब्द जाईना. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "हे मराठी करणारी माणसं कोण असतात? त्यांना पत्र लिहिता येतं का?"

शोधलं तर येत होतं. पगारी कुणी नव्हतं, आपापला वेळ काढून लोक ते करत होते. मी मामांच्या सांगण्यावरून लिहिलं, की अस्वच्छ या शब्दामुळे आमच्याकडे चार दिवस सफाई झाली, डिस्कमध्ये धूळ नव्हती, तरी शब्द बदलावा. मला वाटलं, उत्तर येणार नाही. तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की तो शब्द त्यांनीच ठेवला होता, इंग्रजीतही तसाच आहे म्हणून, आणि वाचून त्यांना वाईटही वाटलं आणि हसूही आलं. शेवटी विचारलं होतं: तुम्ही काय सुचवाल?

मामांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तक्रार करणं वेगळं आणि शब्द देणं वेगळं. चार-पाच दिवस ते पेपर वाचताना मध्येच थांबायचे. एकदा भाजी आणायला गेले आणि भाजी न घेताच परत आले. शेवटी मला म्हणाले, "लिही. ही डिस्क मागच्या वेळी नीट बंद झालेली नाही, म्हणून उघडली नाही."

"लांब होतंय, मामा."

"होऊ दे. कळतंय ना?"

बाईंनी ते थोडं छाटलं आणि घेतलं. आरोहणही काढून टाकलं. पुढच्या आवृत्तीत तसं येईल असं कळवलं, आणि सोबत विचारलं, की आमच्याकडे अशी अडलेली शेकडो वाक्यं पडून आहेत, थोडी बघाल का?

तेव्हापासून दर रविवारी, मिस्टर पुण्याला निघून गेले की, मी आणि मामा वाक्यं घेऊन बसतो. मी इंग्रजीचा अर्थ सांगते, मामा विचारतात, हे घरात कुणी कसं म्हणेल. मी ऑफिसात लिहितात तसं लिहिते, ते बोलतात तसं सांगतात, आणि आमचं वाजतं. एकोणीस वर्षांत जेवढं बोललो नसू तेवढं आम्ही या दोन-तीन महिन्यांत भांडलो आहोत. आत्याबाई स्वयंपाकघरातून ऐकतात आणि कधीकधी तिसराच शब्द फेकतात, तो बहुतेक वेळा अहिराणी असतो.

परवा एक वाक्य आलं. समोरून ठरावीक वेळात उत्तर आलं नाही की मशीन नाद सोडतं, त्याला काय म्हणायचं. मी म्हटलं, "वेळ संपली." मामा म्हणाले, वेळ परीक्षेची संपते, इथे मशीनने वाट बघितली आणि मग सोडून दिलं, तर तसंच लिहायचं, "वाट बघितली, उत्तर आलं नाही." मी म्हटलं, मशीन वाट बघत नाही. ते म्हणाले, बघतं. मी नाही म्हटलं. दोघांपैकी कुणीच मागे हटेना. ती ओळ आम्ही तशीच रिकामी ठेवली आणि पुढच्या ओळीवर गेलो.